फाईल बदलली, पण बदलली कोणीं?

घरांतील संगणक हा आतां कोणा एकाचा राहिलेला नाहीं. त्यावर सूनबाईंचें कचेरीचें काम चालतें, नातवंडांचा अभ्यास होतो आणि आमच्यासारखे निवृत्त लोक त्यावरच आपल्या निवृत्तिवेतनाचा हिशेब पाहतात. अशा सामाईक वस्तूंत बिघाड झाला म्हणजे कारण सांपडण्याच्या आधीं संशय उभा राहतो, आणि संशयाला घरांतलाच कोणी तरी बळी पडतो. गतवर्षीं आमच्या हातून असा एक अन्याय घडला. तो येथें सांगण्याचा हेतु एवढाच कीं, त्यापासून आम्ही जें शिकलों तें वाचकांच्या उपयोगीं पडावें.

एका बुधवारीं सकाळीं आमचे धाकटे बंधु संगणक उघडून बसले असतां पडद्यावर एक सूचना आली. विंडोजची ‘एस्-व्ही-सी-होस्ट’ नांवाची फाईल पूर्वीं परवानगी दिल्यानंतर बदललेली आहे. तिला बाहेरच्या जाळ्याशीं बोलूं द्यावें कीं नाहीं, असा फायरवॉलचा प्रश्न होता. फायरवॉल म्हणजे संगणकाच्या देवडीवरचा पहारेकरीच म्हणाना! बंधूंनीं घाबरून नकार दिला. आणि थोड्याच वेळांत इंटरनेट बंद पडलें. घरांतील मोबाईल मात्र त्याच वाय-फायवर बिनतक्रार चालत होते. सूनबाईंची दहाची बैठक बुडाली. आदल्या संध्याकाळीं संगणकापाशीं बसला होता तो आमचा बारा वर्षांचा नातू. “खेळ उतरवून घेतांना तूंच कांहीं तरी बिघडविलेंस,” असें आम्हीं त्याला सर्वांदेखत सुनावलें. “आजोबा, मीं कशालाही हात लावला नाहीं हो,” एवढें बोलून तो उठून गेला, आणि दुपारीं पानावर आला नाहीं.

सायंकाळीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, तो याच धंद्यांत आहे, फोनवरून सर्व उलगडा केला. वेदपाठाची परंपरा ज्यांस ठाऊक आहे त्यांस तो समजण्यास कठीण नाहीं. संहिता शुद्ध राहावी म्हणून वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ योजिले. तेच शब्द ठराविक क्रमानें उलटसुलट पुन्हां पुन्हां येत असल्यामुळें एका अक्षराचाही फेर तत्काळ ध्यानांत येतो. संगणकांत हें काम गणितानें होतें. फाईलमधील सर्व मजकुरावर गणित करून तिची एक खूण काढतात. ‘शा-२५६’ या प्रचलित रीतीनें ती ६४ अंकाक्षरांत लिहितात. मजकुरांत एक अक्षर बदललें तरी खूण अगदीं निराळी येते. विंडोजसोबत येणारी फायरवॉल सहसा अशी विचारणा करीत नाहीं. परंतु वेगळ्या बसविलेल्या कित्येक फायरवॉल ही खूण जपून ठेवतात व ती न जुळल्यास हटकतात. मात्र खुणेवरून बदल झाला एवढेंच कळतें. बदलणारा घरधनी कीं चोर, हें तिला ठाऊक नसतें.

आमच्या प्रसंगीं तो घरधनीच होता. मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं विंडोजच्या सुधारणा प्रसिद्ध करते. तिकडील सकाळ ही आपली रात्र. म्हणून येथें त्या पुष्कळदां बुधवारीं येऊन पोंचतात. शिवाय या एका फाईलच्या आश्रयानें विंडोजचीं अनेक कामें चालतात. संकेतस्थळाच्या नांवावरून त्याचा अंकी पत्ता शोधणें हें त्यांपैकींच एक. तिला अडवितांच सगळा व्यवहार थांबला.

अशी गफलत जाणत्यांकडूनही झालेली आहे. ८ जुलै २००८ रोजीं मायक्रोसॉफ्टची एक सुधारणा येतांच ‘झोनअलार्म’ ही फायरवॉल वापरणाऱ्या पुष्कळांचें इंटरनेट बंद पडलें. २१ एप्रिल २०१० रोजीं तर ‘मॅकॅफी’ने याच ‘एस्-व्ही-सी-होस्ट’ला विषाणु ठरविलें, आणि विंडोज एक्सपीचे असंख्य संगणक पुन्हां पुन्हां बंद-चालू होऊं लागले.

तेव्हां अशी सूचना आल्यास घाईनें होकारही देऊं नये व नकारही देऊं नये. प्रथम फाईलचें नांव व तिचें ठिकाण उतरून घ्यावें. ही फाईल ‘विंडोज’च्या पोटांतील ‘सिस्टिम-३२’ मध्यें असावयास हवी; ती ‘डाऊनलोड्स’ मध्यें दिसली, किंवा नांवांतील दोन अक्षरें अदलाबदल झालेलीं आढळलीं, तर संशयास जागा आहे. नंतर सेटिंग्जमध्यें ‘विंडोज अपडेट’चा इतिहास उघडून तारीख जुळते कीं काय तें पाहावें. फाईलच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्यें ‘डिजिटल सिग्नेचर्स’ खालीं कंपनीची सही मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास तेवढ्यावरून ती फाईल खोटी ठरत नाहीं, कारण कांहीं फाईलींची सही वेगळ्या सूचींत ठेवलेली असते. अधिक खात्रीसाठीं प्रशासकाच्या अधिकारानें ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडून ‘एस्-एफ्-सी’, मग थोडी जागा, तिरपी रेघ व ‘स्कॅननाऊ’ अशी आज्ञा द्यावी. विंडोज आपल्या मुख्य फाईली स्वतः तपासून दुरुस्त करते. एवढ्यानेंही शंका न फिटल्यास वाय-फाय बंद करून विषाणुशोधन चालवावें, आणि पासवर्ड बदलावयाचे ते दुसऱ्या यंत्रावरून. सूचनेंत फोन-क्रमांक असेल तर ती निश्चित लबाडी समजावी. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेंत तो कधींच नसतो. फसवणूक झालीच, तर विलंब न लावतां १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावें.

नकार मागें घेतांच आमचा संगणक सुरळीत झाला. नातवाचें तसें नव्हतें. जन्मभर शाळेंत मुलांचा न्याय करणाऱ्या आम्हांस, पुरावा न पाहतां शिक्षा दिल्याची कबुली त्याच्यापुढें द्यावी लागली. आणि दोष सर्वांदेखत दिलेला, म्हणून कबुलीही रात्रीं पंक्तींत सर्वांदेखतच दिली. तो कांहीं बोलला नाहीं, पण जेवला.

पुढील महिन्यांत तीच सूचना पुन्हां आली. बंधूंचा हात ‘नाहीं’कडे वळला तोंच नातू म्हणाला, “थांबा! काल दुसरा मंगळवार होता. आधीं इतिहास पाहूं.” त्यानें ठिकाण पाहिलें, तारीख जुळविली, आणि मगच परवानगी दिली. सूनबाईंची बैठक त्या दिवशीं वेळेवर झाली.