जकातदाराचा हिशेब

यार्देनचे खोरे ओलांडून यरुशलेमेच्या डोंगरवाटेला लागण्यापूर्वी वाटसरूला यरीहो हे नगर लागत असे. खजुरीच्या बनांसाठी आणि सुगंधी राळेच्या झाडांसाठी ते ख्यात होते. व्यापाऱ्यांचे तांडे तेथून जात, आणि जेथे मालाची ने-आण तेथे जकातीचा नाका, या न्यायाने रोमन अमलात तेथेही जकातीची वसुली चाले. वसुलीची ती रीत आपल्याकडील जुन्या मक्त्याच्या पद्धतीला जवळची होती: ठरलेली रक्कम सरकारात भरण्याची हमी मक्तेदाराने घ्यावी, आणि मग त्याने व्यापाऱ्यांकडून व रयतेकडून प्रत्यक्षात किती उकळले, याची फारशी चौकशी कोणी करू नये. या यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय हा अंगाने ठेंगणा, पैशाने गडगंज आणि परक्या सत्तेची चाकरी पत्करल्यामुळे स्वजनांत पतित गणला गेलेला मनुष्य होता. ख्रिस्ती धर्मात पश्चात्ताप कशाला म्हणतात, हे ज्याला व्याख्येवाचून समजून घ्यावयाचे असेल, त्याने लूकच्या शुभवर्तमानातील 19व्या अध्यायाच्या आरंभी अवघ्या दहा वचनांत आलेली या जकातदाराची कथा वाचावी.

येशू गावातून जाणार असे कळल्यावर जक्कय त्याला पाहावयास निघाला; परंतु गर्दीत त्या ठेंगण्या माणसाला काही दिसेना, आणि त्याला वाट करून देण्याची तर कोणालाच इच्छा नसावी. तेव्हा आपला हुद्दा आणि आपले वय विसरून तो पुढे धावत गेला आणि वाटेकडेच्या उंबरावर चढला. तो वृक्ष आपल्या औदुंबराचाच भाऊबंद. बुंध्याजवळून फुटलेल्या आडव्या फांद्यांमुळे चढावयास सोपा आणि दाट पानांमुळे लपावयासही सोयीचा. झाडाखाली येताच येशूने वर पाहून त्याला नावाने हाक मारली, आणि आपला आजचा मुक्काम त्याच्याच घरी असल्याचे सांगितले. लोक कुरकुरले. येथे घटनांचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जक्कयाने अद्याप एक कवडीही परत केलेली नाही, क्षमेची याचना केलेली नाही, आपला अपराध बोलूनही दाखविलेला नाही. आधी हाक आली, मग माणूस वळला. ख्रिस्ती धर्मशास्त्र ज्याला कृपा म्हणते ती हीच, आणि पश्चात्ताप हे त्या कृपेचे मोल नसून तिला मनुष्याने दिलेले उत्तर आहे.

मराठी बायबलात या उत्तरासाठी ‘पश्चात्ताप’ हा शब्द योजिला आहे. पश्चात् म्हणजे मागाहून आणि ताप म्हणजे पोळणे. कृत्य घडून गेल्यावर अंतःकरणाची जी काहिली होते, ती या शब्दात नेमकी उतरली आहे. परंतु नव्या करारातील ‘मेटानोइया’ हा मूळ ग्रीक शब्द पोळण्याविषयी नव्हे, तर मनाच्या पालटाविषयी बोलतो. आणि जुन्या करारात संदेष्टे ज्या ‘शूब’ या हिब्रू धातूने लोकांना साद घालीत, तो तर सरळ वाटेवरचाच आहे: त्याचा अर्थ माघारी फिरणे. आपल्या भाषेत ‘पश्चात्ताप’ या शब्दाची ही उणीव भरून काढणारा शब्द घरातच आहे, तो म्हणजे वळण. वळण रस्त्याला असते, अक्षराला असते आणि मुलालाही लावतात. पाऊल एकदा फिरवावे आणि मग त्या दिशेची आयुष्यभर सवय करावी, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात सामावतात.

वळल्याची खूण कोणती, हे जक्कयाने आपल्या धंद्याच्याच भाषेत सांगितले. आपली अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट, असे त्याने उभे राहून जाहीर केले. या आकड्यांमागे कायदा आहे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे, ज्याने दुसऱ्याचे लुबाडले आणि मग आपण होऊन दोष कबूल केला, त्याने मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा दिला म्हणजे भागत असे. चौपटीचा दंड होता तो मेंढरू चोरून ते कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कय आपण होऊन बोलत होता, म्हणजे सौम्य कलमाची सवलत त्याला होती. ती त्याने घेतली नाही, आणि चोराचे कलम स्वतःला लावून घेतले. आता हिशेब मांडून पाहावा. त्याची मालमत्ता 8,000 नाण्यांची धरली, तर 4,000 गरिबांना गेली. उरलेल्या 4,000 मधून चौपट भरपाई करावयाची, तर 1,000 हून अधिक नाणी लबाडीची निघताच त्याचे दिवाळे वाजणार. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठोड्यांचा हिशेब केला, त्याला हे गणित कळले नसेल असे मानता येत नाही.

तथापि केवळ रक्कम परत केल्याने पश्चात्ताप पुरा होतो असेही नाही, आणि याचा दाखला शुभवर्तमानांतच आहे. येशूचा शिष्य यहूदा इस्कर्योत यानेही पैसे परत केले होते. गुरूला धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी त्याने मंदिरात फेकली, मुख्य याजकांपुढे आपले पाप कबूल केले, आणि मग गळफास घेतला. गुरूला धरले त्या रात्री पेत्र या दुसऱ्या शिष्याने, कोंबडा आरवण्यापूर्वी, त्याच गुरूला तीनदा नाकारले होते आणि तोही बाहेर जाऊन रडला होता. ताप दोघांनाही झाला. परंतु एक आपल्या अपराधाबरोबर एकटाच राहिला, आणि दुसरा सोबत्यांत टिकून राहिला, म्हणून पुढे गालीलच्या सरोवराकाठी ‘माझ्यावर प्रीती करतोस काय?’ या गुरूने तीनदा विचारलेल्या प्रश्नाला तीनदा उत्तर देण्यास तो हजर होता.

पुढील शतकांत चर्चने या वळण्याला रीत आणि शिस्त दिली. आरंभीच्या काळात खून, व्यभिचार, धर्मत्याग अशा घोर पापांसाठी चारचौघांत दीर्घ प्रायश्चित्त करावे लागे. पुढे आयरिश मठवासीयांनी खासगी पापनिवेदनाची प्रथा युरोपभर नेली. आणि 1215 साली रोम येथील चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने जाणत्या वयाच्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपाशी पापे सांगावीत असे ठरविले, व ते गुपित फोडणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करण्याची शिक्षा सांगितली. पण जेथे रीत आली तेथे तिचा बाजारही मांडता येतो. शिक्षामाफीची क्षमापत्रे पैसे घेऊन दिली जाऊ लागली, तेव्हा 1517 मध्ये विटेनबर्ग येथे मार्टिन लूथरने जी 95 विधाने मांडली, त्यांतील पहिलेच विधान असे होते की ख्रिस्ताला श्रद्धावंताचे सारे आयुष्यच पश्चात्तापमय व्हावयास हवे आहे. अर्थात एका दिवशी पावती फाडून मोकळे होण्याजोगा हा व्यवहार नव्हे. प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मगुरूपाशी पापनिवेदनाची सक्ती सोडली, आणि उपासनेत सर्वांनी मिळून देवापुढे दोष कबूल करण्यावर भर दिला.

आपल्या शेजारीही हे पाहावयास मिळते. गोव्यातील कोंकणी ख्रिस्ती मनुष्य पापनिवेदनाला ‘कुमसार’ म्हणतो. आणि वसईच्या चर्चमध्ये राखेच्या बुधवारी कॅथलिक बायामाणसे रांगेने पुढे येतात, धर्मगुरू चिमूटभर राख त्यांच्या कपाळाला लावतात, आणि ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाला आरंभ होतो. ती राख मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्यांची असते. एके वर्षी जयजयकारासाठी हातात धरलेली झावळी पुढल्या वर्षी कपाळाची राख होऊन परतते.

जक्कयाचे पुढे काय झाले, हे लूक सांगत नाही. लेवी नावाचा दुसरा एक जकातदार आपले ठाणे सोडून येशूच्या मागे गेला. पण जक्कयाला नाका सोडावयास कोणी सांगितल्याचे लिहिलेले नाही. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापाशी जकातदार आले होते, तेव्हा त्यानेही त्यांना चाकरी सोडण्यास सांगितले नव्हते, ठरलेल्या दराहून अधिक घेऊ नका एवढेच बजावले होते. तेव्हा पाहुणा यरुशलेमेच्या वाटेला लागल्यावर तो नाका बहुधा पुन्हा उघडला असेल, तोच तराजू टांगला गेला असेल, आणि कालच्या प्रसंगाची वार्ताही नसलेल्या एखाद्या उंटवाल्याने नेहमीच्या धास्तीने थैली सोडून नाणी पुढे केली असतील. त्यांतील वरकड नाणी जक्कयाने त्याच्याकडे परत सरकविली की नाही, एवढ्यावरच आदल्या दिवशीच्या त्या जाहीर शब्दांची किंमत ठरणार होती.