मधला ओकोन्क्वो

चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ 1958 साली आली आणि ‘नो लाँगर ॲट ईझ’ 1960 साली, नायजेरिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी. मुळात तीन पिढ्यांची एकच कादंबरी त्यांच्या मनात होती. लिहिता लिहिता तिच्या दोन झाल्या: एक आजोबा ओकोन्क्वोची, दुसरी नातू ओबीची. मधल्या न्वोयेच्या वाट्याला स्वतःची कादंबरी आलीच नाही. तरी दोन्ही लागोपाठ वाचल्या की माझी नजर त्याच्यावरच खिळते.

पहिल्या कादंबरीतला न्वोये हळवा पोरगा. बापाला बरं वाटावं म्हणून लढायांच्या कथा आवडल्याचं दाखवतो, पण जीव रमतो तो आईच्या गोष्टींत; कासवाच्या, पृथ्वी आणि आकाशाच्या भांडणाच्या. ज्याला भाऊ मानलं त्या इकेमेफुनाला बापाने स्वतःच्या हाताने मारलं. पुढे न्वोये मिशनऱ्यांकडे निघून गेला.

दुसऱ्या कादंबरीत तो झालाय आयझॅक, निवृत्त धर्मशिक्षक. आणि हाच माणूस बायकोला मुलांना लोककथा सांगायची बंदी करतो! शाळेत गोष्ट सांगायची पाळी आली, तर छोट्या ओबीला एकही येत नाही. मग आई त्याला चोरून एक सांगते. लेखक आपलंच पात्र विसरला की काय, अशी शंका इथे येते. पुढे ती वाढते. ओबीला क्लाराशी लग्न करायचंय आणि ती ओसू, म्हणजे देवाला वाहिलेल्या, गावाने दूर ठेवलेल्या कुळातली. न्वोये ज्या चर्चमध्ये गेला, त्या म्बान्ता गावच्या चर्चने ओसूंना पूर्वीच आत घेतलं होतं. आयझॅक मात्र या जन्मजात कलंकाची तुलना महारोगाशी करतो. धर्म बदलला तरी जात सुटत नाही, हे गोव्याच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

मला मात्र हे पात्र एकसंध वाटतं. आपल्या बापासारखं, उनोकासारखं, व्हायचं नाही या एकाच हट्टावर ओकोन्क्वो जगला. आयझॅकही तसाच जगला. बापाने गळफास घेतल्याची बातमी आली तेव्हा गोऱ्या शिक्षकाने जा म्हटलं, तरी तो गेला नाही. हे तो ओबीला सांगतो तेही क्लाराचा वाद पेटलेला असताना. श्रद्धा पार बदलली, ताठा बापाचाच राहिला. अचेबेंनी दोन पुस्तकांतून सांभाळला तो हा ताठा.

1964 च्या ‘ॲरो ऑफ गॉड’मध्ये अचेबे दुसऱ्याच गावाकडे, दुसऱ्याच घराकडे वळले. उमुरूच्या अध्यापक विद्यालयात न्वोयेचा आयझॅक कसा होत गेला, ती वर्षं त्यांनी लिहायला हवी होती.