बिल बाबांचं, वाय-फाय गल्लीचं!

पुण्यात नोकरी करणाऱ्या सातारा-सांगलीकरांना वीकेंडला घरी एक एक्स्ट्रा पोस्ट मिळते. सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर! चहाचा कप हातात पडायच्या आत आई म्हणते, ‘अगं, ते वाय-फाय बघ जरा. मागच्या खोलीत येतच नाही.’

माझ्याकडे तर दोन ब्रँचेस आहेत. साताऱ्याचं आमचं घर आणि सांगलीत विश्रामबागला मावशीचा फ्लॅट. दोन्हीकडे तक्रार रेंजची आणि दोन्हीकडे पासवर्ड अख्ख्या गल्लीला पाठ. बाबांचं म्हणणं, ‘पाण्याला आपण कुणाला नाही म्हणत नाही, मग नेटला कशाला म्हणायचं?’

मुद्दा बिनतोड. पण पाणी कोण प्यायलं, हे विचारायला पोलीस येत नाहीत. नेटचं तसं नाही.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेल्सना धमकीचा ई-मेल गेला होता. आयपी अ‍ॅड्रेसचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथल्या भाडेकरूचं वाय-फाय उघडं होतं आणि मेल भलत्यानंच पाठवला होता. पण चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे! २००९ च्या जानेवारीत तर मुंबई पोलिसांनी अशी उघडी वाय-फाय शोधायची मोहीमच काढली.

म्हणजे कनेक्शन ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्याला. आपल्या घरी ते नाव बहुतेक वेळा बाबांचं असतं.

दहा मिनिटांचं काम
राऊटर उलटा करा. स्टिकरवर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता आणि लॉगिन असतं. ब्राऊझरमध्ये तो टाकला, की सेटिंग्ज उघडतात. सगळ्यात आधी हा लॉगिनचा पासवर्ड बदला. तो वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, हेच अनेकांना माहीत नसतं!

मग वायरलेस सिक्युरिटीत डब्ल्यूपीए-३ निवडा. जुना मोबाईल कुरकुरला, तर डब्ल्यूपीए-२ चालेल. डब्ल्यूईपी मात्र अजिबात नको, ते केव्हाच फुटलंय. पासवर्ड लांबलचक हवा. मोबाईल नंबर किंवा कुणाचा वाढदिवस नको. डब्ल्यूपीएस बंद करा.

पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ सुरू करा. त्यांना नेट मिळतं, तुमचा ऑफिसचा लॅपटॉप वेगळा राहतो. पण लक्षात ठेवा, नाव तिथेही बाबांचंच. म्हणून ओळखीच्यांनाच द्या आणि अधूनमधून बदला.

आणि रेंजचं काय?
साताऱ्याच्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती सिग्नल गिळतात. राऊटर टीव्हीमागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. लांबच्या खोलीला २.४ गिगाहर्ट्झ, जवळ बसून मीटिंग करायला ५ गिगाहर्ट्झ. सांगलीच्या फ्लॅटमध्ये अडचण वेगळी: शेजाऱ्यापाजाऱ्यांचे राऊटर एकाच चॅनेलवर कोकलत असतात. २.४ मध्ये १, ६ आणि ११ हे चॅनेल एकमेकांत घुसत नाहीत. त्यातला कमी गर्दीचा पकडा.

नवा पासवर्ड कालनिर्णयच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. नाहीतर सोमवारी ऐन मीटिंगमध्ये बाबांचा फोन ठरलेला!