मोटारींचे दिवसा चालू राहणारे दिवे : लाभ आणि मर्यादा
(सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मोटारीचे इंजिन सुरू होताच पुढील बाजूस आपोआप लागणाऱ्या दिव्यांना ‘डे-टाइम रनिंग लाइट’ म्हणतात. रस्ता उजळणे हा त्यांचा हेतू नसून, वाहन इतरांच्या दृष्टीस लवकर पडावे एवढाच आहे. प्रस्तुत लेखात या दिव्यांच्या गुणदोषांचा ऊहापोह केला आहे.

जागतिक अनुभव :
स्वीडनने १९७७ मध्ये दिवसा दिवे लावणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०११ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना हे दिवे बंधनकारक केले. याउलट ऑस्ट्रियाने २००५ मध्ये लागू केलेली सक्ती २००८ च्या प्रारंभी मागे घेतली. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २००८ मधील अभ्यासातही अपघातांत लक्षणीय अशी एकूण घट आढळली नाही.

लाभ :
पहाटे, सायंकाळी, धुक्यात वा पावसात समोरून येणारे वाहन व त्याचे अंतर लवकर लक्षात येते. एलईडीमुळे विजेचा वापरही अत्यल्प होतो.

मर्यादा :
पहिली मर्यादा म्हणजे, अनेक मोटारींत या दिव्यांबरोबर मागील दिवे लागत नाहीत. अंधार पडू लागल्यावर चालकास दिवे चालू असल्याचा भास होतो, आणि मागून येणाऱ्यास मात्र मोटार दिसत नाही. दुसरी अधिक गंभीर आहे. सर्वच मोटारी प्रकाशमान झाल्या की दिवा नसलेला पादचारी, सायकलस्वार वा बैलगाडी तुलनेने दुर्लक्षित राहण्याचा संभव असतो.

सोलापूरचा संदर्भ :
भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट सतत चालू राहणे बंधनकारक झाले. २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांतील १,६८,४९१ मृतांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होते. हे पाहता त्यामागील कारण स्पष्ट होते. मात्र मोटारीही दिव्यांनी उजळल्यास दुचाकीचे हे वेगळेपण काही अंशी लोपते. शिवाय सोलापूरच्या प्रखर उन्हात दिव्याचा उठाव उत्तर युरोपातील मंद प्रकाशाइतका जाणवत नाही. पुणे-हैदराबाद महामार्गावर व लगतच्या रस्त्यांवर गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात. पंढरीच्या वाटेवर पायी वारकरी असतात. यांपैकी अनेकांजवळ स्वतःचा दिवा नसतो.

निष्कर्ष :
हे दिवे उपयुक्त असले तरी ते सुरक्षिततेचा एक पूरक उपायच ठरतात. मोटारींत मागील दिवेही सोबत लागण्याची सोय आणि बैलगाड्या व ट्रॉल्यांना परावर्तक पट्ट्या, यांना प्राधान्य देणे अधिक हितावह ठरेल. रस्त्यावर सर्वांत कमी दिसणाऱ्याचे रक्षण, हाच अशा उपायांचा खरा निकष होय.