रोजात पेशींची चूल कशावर चालते?

‘‘सर, सहेरीला खाल्लेलं दुपारपर्यंत पचून जातं. मग मगरीबपर्यंत तुमचं शरीर चालतं कशावर?’’ गेल्या आठवड्यात वर्गात एका मुलानं विचारलं. दुपारचे तीन वाजलेले, बीडचं ऊन, माझा घसा कोरडा. तरी प्रश्न आवडला.

अन्न पोटात पचतं, पण जळतं ते पेशीत. दहावीच्या पुस्तकातली तंतुकणिका आठवते ना? ती खरी चूल. श्वासातला ऑक्सिजन रक्तावाटे तिथं पोहोचतो, अन्नाचं टप्प्याटप्प्यानं विघटन होतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. निघालेली ऊर्जा एटीपी या रेणूत भरली जाते. १९२९ मध्ये एटीपी शोधणाऱ्यांत आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. एटीपी म्हणजे खिशातली चिल्लर. ती साठवून ठेवता येत नाही, म्हणून चूल झोपेतही पेटती लागते.

सहेरीचं ग्लुकोज ओसरलं की यकृत आपली कोठी उघडतं. तिथं शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन असतं. तेही कमी होऊ लागलं की चरबीचा वाटा वाढतो. चूल तीच, सरपण बदलतं.

आमच्या गल्लीतले एक खालू ऊसतोडीला जातात आणि फडातही रोजा धरतात. ‘‘दस बजे तक कोयता, बाद में मोळी,’’ हा त्यांचा नियम. त्यात मोठं शहाणपण आहे. जोरात कोयता चालवताना स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो. मग पेशी त्याच्याशिवायच ग्लुकोज मोडतात आणि एका रेणूमागे जेमतेम दोन एटीपी मिळतात. ऑक्सिजन असता तर तीसच्या आसपास मिळाले असते. म्हणजे कोठी भराभर रिकामी होते. जड काम सकाळी उरकलेलंच बरं.

दर रमजानला मोबाईलवर एक मेसेज फिरतो : रोजाचे फायदे सिद्ध केले म्हणून जपानी शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं हे खरं. पण पेशी स्वतःचेच जुने भाग कसे मोडून वापरतात, याच्या यीस्टवरच्या अभ्यासासाठी. रोजाला या उसन्या प्रमाणपत्राची गरज काय?

उन्हात खरी अडचण भुकेची नसून पाण्याची. पेशींच्या चुलीत दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी तयार होतं, घामात त्याच्या कितीतरी पट जातं. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरूच नये. साखर फार खाली गेली तर रोजा तिथंच सोडावा; आजाऱ्याला मजहबनं सवलत दिलेली आहे, ती घेण्यात कसली लाज?

‘‘मग इफ्तारला खजूरच का?’’ त्या मुलाचा पुढचा प्रश्न. सुन्नत आहे म्हणून, हे पहिलं उत्तर. दुसरं असं की, खजुरातली बरीचशी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशी सुटीच असते. पचायला वेळ लागत नाही, काही मिनिटांत ती रक्तात उतरू लागते. दुसऱ्या दिवशी तो मगरीबच्या आधीच घरी हजर झाला, हातात अर्धा किलो खजूर घेऊन.