चौरंगाचा पाट झाला तर हसा, बोट वाचलं तर थांबा



आपल्यापैकी काहीजणी घरच्या पडवीत सुतारकाम करू लागल्या आहेत. कुणी पोळपाट करते, कुणी पाट, कुणी देवासाठी चौरंग, कुणी भांड्यांची मांडणी. हत्यार हातात आलं की चुकाही आल्याच. आज त्या चुकांवर हसण्याबद्दल बोलू या. कोणती चूक हसण्यावारी न्यायची आणि कोणती न्यायची नाही, एवढाच आजचा विषय.

आधी हसण्याच्या बाजूने बोलते. ‘हसतील त्याचे दात दिसतील’ असं आपण म्हणतो खरं, पण मनात धाकधूक असतेच. बाईने करवत धरली की ओसरीवरून कुणीतरी म्हणतंच, “हे काय बायकांचं काम?” मग फळी चुकीची कापली गेली की ती गुपचूप चुलीत जाते. फळी तर गेलीच, पण ती का चुकली हेही तिच्याबरोबर जळून जातं, आणि उद्या गटातली दुसरी बाई तीच चूक करते. त्याऐवजी “बघा गं, मी काय करून ठेवलंय” म्हणून फळी सगळ्यांपुढे ठेवली, तर एका फळीत पाचजणी शिकतात. फक्त हसून झाल्यावर एक प्रश्न विचारायचा: हे झालं कशानं?

चौरंगाचंच घ्या. चौरंग डुगडुगतो, म्हणून लांब वाटणारा पाय थोडा कापला. आता दुसरा लांब वाटतो. तो कापला तर तिसरा. असं करता करता चौरंगाचा पाट होतो! याचं कारण साधं आहे. तीन पाय कशाही जमिनीवर टेकतात, म्हणून तिपाई डुगडुगत नाही. चौथा पाय आला की चारही टोकं एका पातळीत यावी लागतात. आणि जमीनच उंचसखल असेल तर चांगला चौरंगही डुगडुगतो. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ म्हणून आपण हसतो, पण इथे अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. म्हणून करवत उचलण्याआधी चौरंग दुसऱ्या जागी, सपाट फरशीवर ठेवून बघा. तिथेही डुगडुगला तर आखूड पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारा आणि तो स्थिर करा. मग एक छोटी पट्टी फरशीवर ठेवा. पट्टीची जाडी पुठ्ठ्यापेक्षा जास्त हवी. तिच्यावर पेन्सिल आडवी टेकवून चारही पायांभोवती रेघ मारा. सगळ्या रेघा एकाच उंचीवर येतील. त्या रेघांवर कापा, एकदाच.

दुसरी चूक मोजमापाची. पाच फुटांच्या फळीतून फूटभराचे पाच तुकडे काढायला गेलं की शेवटचा आखूड निघतो. करवतीचं पातं जाताना आपल्या जाडीएवढं लाकूड खातं, त्याचाच भुसा होतो. शिवणकाम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. कापड बेतताना आपण शिलाईची माया सोडतो, तशी इथे पात्याची माया सोडायची. सगळ्या रेघा एकदम न मारता एक तुकडा कापावा, मग पुढचा मोजावा.

तिसरी चूक तर ब्लाउजमधलीच. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात ना, तशा मांडणीच्या दोन्ही बाजू डाव्याच होतात. खाचा पाडण्याआधी दोन्ही फळ्या उघडलेल्या पुस्तकासारख्या शेजारी ठेवा आणि वर येणाऱ्या बाजूवर पेन्सिलीने ‘आत’ लिहा.

आणखी एक चूक पावसाळ्यातली. श्रावणात दार अडकतं, आपण घाईने रंधा मारतो आणि मे महिन्यात त्याच दाराला फट पडते. लाकूड ओल पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही, आणि उन्हाळ्यात पुन्हा आक्रसतं. पावसात अडलेल्या दाराला शक्यतो थोडा धीर द्यावा.

या सगळ्या चुकांत काय गेलं? थोडं लाकूड, थोडे पैसे, थोडा वेळ. यावर खुशाल हसा. मात्र वस्तू गिऱ्हाइकाची असेल तर हसणं आपल्या पडवीतच ठेवा. त्यांना काय झालं ते खरं सांगा आणि वस्तू दुरुस्त करून द्या. डुगडुगता पाट लग्नघरी गेला तर गटाचं नाव जातं.

आता हसून सोडू नये अशा चुकांकडे येऊ.

पटाशी सटकली आणि बोटाला न लागता शेजारून गेली. “अगं बाई, वाचले!” म्हणून सगळ्या हसतात. भीती उतरली की माणूस हसतोच, त्यात वाईट काही नाही. पण हसून लगेच पुन्हा तसंच काम सुरू झालं तर ती पटाशी परत सटकणार. अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हर्बर्ट हाइनरिक यांनी कारखान्यांतल्या अपघातांच्या नोंदी तपासून १९३१ साली एक पुस्तक लिहिलं. एका मोठ्या अपघातामागे २९ किरकोळ दुखापती आणि इजा न झालेले ३०० प्रसंग असतात, असा हिशोब त्यांनी मांडला. हे आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं. तरी त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. ‘थोडक्यात वाचले’ ही आपल्याला फुकट मिळालेली सूचना असते.

अशा सूचना कोणत्या, ते ऐका. पटाशी सटकते, कारण लाकूड हाताने धरलेलं असतं आणि दुसरा हात धारेसमोर असतो. लाकूड शेगड्यात किंवा क्लॅम्पमध्ये पकडा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. बोथट हत्यार जास्त धोक्याचं, कारण त्याला जोर लावावा लागतो. धार लावूनच कामाला बसा. कटरच्या पात्यावरचं झाकण काढून काम करू नका. पातं बदलताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. फिरणाऱ्या मशीनजवळ पदर खोचलेला, केसांचा अंबाडा घातलेला आणि सैल बांगड्या काढलेल्या हव्यात. ड्रिलवर हातमोजेही नकोत, ते अडकले तर हात ओढला जातो.

दोन गोष्टींवर तर आपण हमखास हसतो. भुशाने भुवया पांढऱ्या झाल्या की एकमेकींना म्हातारी म्हणतो. पण लाकडाच्या धुळीमुळे कर्करोग होऊ शकतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केलं आहे. नाकातोंडाला मास्क लावा, घासकाम उघड्यावर करा आणि तिथे लहान मुलं खेळायला ठेवू नका. दुसरी गोष्ट तेलाच्या फडक्याची. जवसाचं तेल लावलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. ते बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

एवढं करूनही हात कापलाच तर हळद, चुना, भुसा काही भरू नका. स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा आणि दवाखान्यात जा. जखम साधी वाटली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. बोट तुटलं तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका. लगेच १०८ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. बचतीचा हिशोब झाला की दहा मिनिटं चुकांची ठेवा. बिघडलेली वस्तू मधे ठेवायची, हसायचं आणि कारण शोधायचं. आणि कुणी “थोडक्यात वाचले” म्हणाली, तर तिला रागवू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही. हत्यार खाली ठेवून सगळ्यांनी मिळून बघा, हात कुठे होता, लाकूड कसं धरलं होतं, धार कशी होती. ते बदललं की मगच काम पुढे चालू करा.

लाकूड पुन्हा मिळतं, मैत्रिणींनो. बोटं दहाच असतात, आणि भाकरीपासून बचतीच्या वहीपर्यंत सगळं त्यांच्यावरच चालतं.