सोडून देण्याआधी

राजूर कॉलरीत वाढलेल्या माणसाला पाणी दोन प्रकारचे माहीत असते : नदीचे आणि खड्ड्याचे. वणी तालुक्यातले हे गाव कोळशावर आणि चुन्यावर उभे राहिले. जमिनीतून काही काढले की मागे खड्डा उरतो, पावसाळ्यात तो भरतो, आणि काही वर्षांनी त्यात मासे उसळताना दिसतात. ते कोणी आणून सोडले, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. काठावर बांबूची काठी, नायलॉनची दोरी आणि गरीला टोचलेले गांडूळ घेऊन पोरे बसतात. अशा पाण्यात हमखास तग धरणारा मासा म्हणजे तिलापिया, आपल्याकडची ‘चिलापी’. हा मासा आफ्रिकेचा. तो इथवर कसा आला आणि गळाला लागल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही.

गळाच्या मासेमारीचा छंद इंग्रजांनी जोपासला, आणि त्या छंदातला सर्वांत मानाचा प्रकार म्हणजे ‘फ्लाय फिशिंग’. नेहमीच्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरी ओढून नेते. इथे उलट असते. पिसे, केस आणि धागा गरीवर गुंडाळून केलेली ‘माशी’ जवळजवळ वजनहीन असते. वजन असते ते दोरीत. लवचिक काठीने ती दोरी मागेपुढे झुलवून फेकायची आणि तिच्या टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरवायची. खरा कीटक पडला असे माशाला वाटले पाहिजे.

हे तंत्र घडले ते ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी. साहेबांना हिंदुस्थानातही ट्राउट हवा होता, म्हणून निलगिरीत आणि काश्मीरमध्ये तो आणवला गेला. विदर्भाच्या उन्हाळ्यात तो जगणे शक्य नव्हते. उष्ण प्रदेशातल्या शहरी पाण्यात माशीचा गळ टाकणाऱ्याला वेगळेच मासे भेटतात : तिलापिया आणि कार्प. कार्प तळाशी चरतो आणि फार सावध असतो. तिलापिया मुख्यतः शेवाळ आणि गाळातले सेंद्रिय कण खाते, पण विणीच्या काळात नर तळाशी खळगा करून त्याची राखण करतो. तेव्हा जवळून गेलेल्या माशीवर तो भुकेने नव्हे, रागाने झडप घालतो.

अमेरिकेतल्या मायामी शहराचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तिथल्या कालव्यांत परक्या तिलापियांची बेसुमार वाढ झाली. त्यांना आवर घालायला आणि गळवाल्यांना खेळ मिळावा म्हणून फ्लोरिडा सरकारने 1984 मध्ये दक्षिण अमेरिकेतला पीकॉक बास मुद्दाम आणून सोडला. पाहुण्याला आवरायला दुसरा पाहुणा! थंडी त्याला सोसत नाही, म्हणून तो फार उत्तरेकडे पसरला नाही. हा बचाव आपल्याकडच्या उबदार पाण्यात मिळणार नाही.

आपल्याकडचे पाहुणेही असेच आले, प्रत्येक जण चांगल्या हेतूने बोलावलेला. डास खाईल म्हणून 1928 मध्ये गंबुशिया आला. अन्न म्हणून 1939 मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत कॉमन कार्प आला. मत्स्यव्यवसायात त्याला ‘सायप्रिनस’ म्हणतात. 1952 मध्ये तिलापिया आली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते, पिल्ले काही महिन्यांत स्वतः वीण घालू लागतात. सांडपाण्यानेही तिचे फारसे बिघडत नाही. आफ्रिकी मांगूर पाळायला आज देशात बंदी आहे, तरी तो नद्यांत पोहोचलेला आहे. जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींची जी यादी नेहमी सांगितली जाते, तिच्यात तिलापिया आणि कार्प आहेत. आणि गळवाल्यांचे लाडके दोन्ही ट्राउटही आहेत.

पण परका म्हणजे फक्त परदेशी नव्हे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली तेव्हा कित्येक जातींना त्याने इथली बोलीतली नावेच दिली : नुकटा, फुलंगी, शिंगाळा. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरचे ‘खुदरी’ हे नावही त्यानेच शास्त्रात नेले. पुढे हा मासा कमी होऊ लागला, तेव्हा लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याचे बीज तयार केले. काम मोलाचेच होते. ते बीज मात्र कावेरीतही सोडले गेले. तिथे मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर होता. 2018 मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, तेव्हा तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होता. आणि त्यामागच्या कारणांत खुदरीचे आगमन संशोधकांनी ठळकपणे मांडले. मुळा-मुठेचा भूमिपुत्र कावेरीत घुसखोर ठरला.

इथे गळवाल्यांच्या एका चांगल्या सवयीचा विचार करावा लागतो. मासा पकडायचा, न्याहाळायचा आणि जिवंत सोडून द्यायचा. महसीर त्याच्या स्वतःच्या नदीत पकडला असेल तर हे पुण्यच. चिलापीच्या बाबतीत मात्र सोडणे म्हणजे तिच्या पुढच्या पिढीची सोय करणे. कृती एकच, पाणी कोणते आणि मासा कुठला, यावर तिचा अर्थ ठरतो.

मग चिलापी मारावी आणि खावी? शहराचे सांडपाणी पोटात घेणाऱ्या तलावातला मासा खाऊ नये, हेही खरे. आणि गळाने चिलापी संपणार नाही, ती फार वेगाने वाढते. शिवाय भोई आणि ढिवर कुटुंबांच्या जाळ्यात आज जे येते त्यात तिचा वाटा मोठा आहे. स्वस्त मासा म्हणून गरिबाच्या ताटात तीच असते. तिच्यावर राग धरून भागत नाही. बोलावणे आपले होते.

करता येण्यासारखी गोष्ट छोटी आहे : तिला पुढे न नेणे. राजूरच्या खड्ड्यातली चिलापी खड्ड्यात आहे तोवर तिचे नुकसान खड्ड्यापुरते. पण पोरे पिल्ले डब्यात घालून विहिरीत किंवा दुसऱ्या तळ्यात सोडतात, मोठी माणसेही शेततळ्यासाठी नेतात. पावसाळ्यात तळी फुटतात, नाले वाहतात आणि हे सगळे पाणी शेवटी वर्धेला मिळते. वर्धा पुढे वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. नदीत गेलेला मासा कोणत्याही गळाने परत आणता येत नाही. काठावर बसलेल्या पोराला म्हणूनच एवढे सांगावे : बाबू, गरीला लागली तर घरी ने, नाहीतर काठावरच ठेव, पण डब्यातून दुसऱ्या पाण्यात नेऊ नको.